गाव मोजणाऱ्या भामाबाई

दिवेलागणीला भामाबाई गाव मोजायला निघायच्या.

सरकार दहा वर्षांतून एकदा करतं ते काम, करोनाच्या त्या पहिल्या उन्हाळ्यात, ह्या बाई रोज करत होत्या. कमरेला पदर खोचलेला, हातात बोरीची काठी आणि ग्रामपंचायतीनं वाटलेला हिरवा मास्क हनुवटीवर. दारासमोर उभं राहून काठी आपटली की आतली माणसं एकामागून एक ओट्यावर यायची. भामाबाई उजव्या हाताची दोन बोटं पुढं करून, ओठ हलवत, जोड्या-जोड्यांनी माणसं मोजायच्या. पटलं की पुढच्या दारी. पटलं नाही की चौकशी.

"थोरला कुठंय?"

"चितेगावला गेलाय, कंपनीत."

"कंपनीला कुलूप हाय."

"मंग दोस्ताकडं गेला आसंल."

"आला की शाळेत धाडा. घरात घ्यायचा नाय."

काही लोकांना याचा राग यायचा. "सरपंचबाय आमाला मेंढरं समजती का?" असं एकानं तोंडावर विचारलं होतं. त्यावर भामाबाईंनी त्याला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाल्या, "मेंढरं लई गुणाची असत्यात. हाकलं की एका वाटंनं जात्यात." पुढं त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "मोजल्याबिगर वाडा लावायचा नाय." मेंढरं रात्री जाळीच्या कुंपणात घेतात त्याला वाडा म्हणतात. शेवटचं मेंढरू मोजून आत घेतल्याखेरीज जाळीचं तोंड बांधायचं नाही, हा धनगरांचा नेम. भामाबाईंनी तोच गावाला लावला होता.

मी त्या गावचा ग्रामसेवक. पैठण रस्त्यावर चितेगाव सोडलं की एक कच्ची वाट आत जाते, त्या वाटेचं गाव. नाव सांगत नाही. हे कुणी त्यांना वाचून दाखवलं, तर "कामून छापलं?" म्हणून आधी माझीच हजेरी घेतील. राहायला मी शहरात, गारखेड्यात. रोज सकाळी मोटारसायकलीला पास चिकटवून निघायचो. नाक्यावरचा पोलीस रोज तोच प्रश्न विचारायचा, मी रोज तेच उत्तर द्यायचो. गावात शिरलो की पहिलं दर्शन बोरीच्या काठीचं. "भाऊसाहेब, हात धुतले का?" ग्रामसेवकाला आमच्याकडं भाऊसाहेब म्हणतात. त्यात साहेब शब्द असला तरी भामाबाईंच्या तोंडी तो शाळकरी पोराला दटावल्यासारखा यायचा.

त्या सरपंच झाल्या त्याची कथा उपसरपंच दादाराव पुढं स्वतःच हसून सांगायचे. दादाराव म्हणजे गावातले मोठे शेतकरी. सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं, तेव्हा त्यांना सही करता येणारी, पण सही कशावर करतोय हे न विचारणारी बाई हवी होती. धनगरगल्लीतल्या भामाबाई त्यांना झ्याक वाटल्या. नवरा ज्ञानबा आणि लेक वर्षातले आठ महिने मेंढरांमागं, म्हणजे 'सरपंचपती' म्हणून मिरवायला घरात कुणी नाही. खुर्ची बाईची, कारभार दादारावांचा. एवढं सगळं जुळवताना एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली नाही. मेंढरं पुरुष चारतात, पण बिऱ्हाड बाया हाकतात. मुक्काम कुठं, चूल कुठं, घोड्यावर काय लादायचं, आजारी माणसाला कशावर बसवायचं, कुठल्या शेतकऱ्याशी गोड बोलायचं आणि कुठल्याशी भांडायचं, हे सगळं बाईच्या हातात. गुडघ्यांनी दगा देईपर्यंत भामाबाईंनी उभी हयात हेच केलं होतं. गुडघे गेले म्हणून त्या गावात राहिल्या. हुकूम सोडायची सवय काही गुडघ्यांत नव्हती.

पंचायत समितीच्या पहिल्याच बैठकीत साहेबांनी विचारलं, "बाई, तुमचे पती कुठायत?"

"मेंढरामागं. बलवू का? पर त्येला तुमच्यातलं काय कळत नाय."

पुढं कुणी विचारलं नाही.

गुणाच्याच होत्या असं नाही. खुर्चीचा त्यांना फार सोस. खुर्चीवर गुलाबी टॉवेल घातलेला असायचा आणि त्यावर दुसरं कुणी बसलेलं दिसलं, तर टॉवेल धुवायला टाकायच्या. आपण आलो तेव्हा कोण उठून उभं राहिलं नाही, हे त्यांना वर्षभर लक्षात राहायचं. संशयी तर इतक्या की एका म्हातारीला मिरचीच्या फोडणीचा ठसका लागला, तर तिला दिवसभर गोठ्यात बसवून ठेवलं होतं. म्हातारी आजही त्यांच्याशी बोलत नाही. आणि आवाज! ग्रामपंचायतीचा भोंगा बिघडला होता, दुरुस्तीवाला शहरात अडकलेला. भामाबाई पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर चढायच्या, एक हात कानावर ठेवायच्या आणि हाळी द्यायच्या. आधी "हाऽऽऽओ" असा लांबलचक सूर आणि मग काय ते फर्मान. रानात मेंढरं पांगली की हाक मारायची ती हाळी. तिनं शिवारातले बैलसुद्धा कान टवकारायचे. भोंगा दुरुस्त करायची गरज आहे असं मग कुणालाच वाटलं नाही.

गावबंदीची गोष्ट सांगितलीच पाहिजे. तेव्हा गावोगावी लोक रस्त्यावर दगडधोंडे टाकून वाट अडवत होते. भामाबाई म्हणाल्या, दगड नको. रात्री-अपरात्री अॅम्ब्युलन्स आली तर उचलणार कोण? म्हणून त्यांनी स्वतः उभं राहून नाल्याकाठच्या बाभळी तोडून घेतल्या आणि हिरव्यागार काटेरी फांद्यांचा माणूसभर उंच ढीग रस्त्यावर आडवा घातला. ढिगाकडं बघून त्या खूश झाल्या. "आता चिटपाखरू आत यायचं नाय," म्हणाल्या.

चिटपाखराचं माहीत नाही. पण चैत्राचं ऊन, रानात औषधालासुद्धा हिरवं पान नाही, आणि धनगराच्या पोटी जन्मलेल्या बाईनं गावाच्या तोंडाशी शेळ्यांसाठी पंगत मांडून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी मी पोचलो तर रस्त्यावर गावातल्या झाडून साऱ्या शेळ्या मागच्या पायांवर उभ्या. शेळ्यांमागं त्यांच्या मालकिणी, मालकिणींमागं पोरं, पोरांमागं गंमत बघणारे म्हातारे. लॉकडाऊन लागल्यापासून एवढी गर्दी मी बघितली नव्हती. आणि नेमका त्याच दिवशी नाक्यावरचा पोलीस बंदोबस्त बघायला माझ्या मागोमाग आलेला. शहरातला माणूस, डोक्यावरची टोपी मागं सारून तो म्हणाला, "अरे सरपंच, ये नाकाबंदी है के दावत?"

भामाबाईंची जीभ टाळ्याला चिकटलेली मी तेव्हा एकदाच पाहिली. मग त्या शेळ्यांनाच शिव्या द्यायला लागल्या. पुढं ढिगाच्या नुसत्या काटक्या उरल्या, त्याही लोकांनी चुलीला नेल्या आणि रस्त्यावर एक जुनी बैलगाडी आडवी लागली. "माजीच मती गेली," त्या मला नंतर हळूच म्हणाल्या. "पाला बघितला की मला शेळीच आठवती. करोना नाय आठवला."

बाहेरून येईल त्यानं चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत राहायचं, असं ठरलं होतं. कागदावर तसा आदेश होता. पण कागदावरचा नियम गावात कुणाला आधी लागतो, यावर सगळं असतं.

आधी लागला तो मिलिंदला. नाल्याकडच्या बौद्ध वस्तीतल्या ताराबाईंचा हा मुलगा, पुण्याला कंपनीत. बायको आणि लहान पोराला मोटारसायकलीवर घेऊन तो गावच्या बैलगाडीपाशी येऊन उभा राहिला. दादाराव लांबूनच म्हणाले, "त्येंच्या वस्तीतल्या समाजमंदिरात ठिवा ना. शाळा कामून बाटवायची?" बोलून गेले आणि मग मास्क सारखा करत बसले.

ताराबाई तिथंच होत्या. वय भामाबाईंएवढंच, पण दोघींचं बोलणं आजवर कामापुरतं. शांतपणे म्हणाल्या, "भामाबाय, माज्या लेकराला शाळेत ठिवा न्हाईतर रानात ठिवा, मी काय म्हणणार नाय. येवढं सांगा, ह्यो नेम आमच्याच पुरता का समद्यांला?"

"समद्यांला," भामाबाई म्हणाल्या. "शाळा गावाची हाय, तुजा लेक बी गावाचा हाय. शाळंतच ऱ्हाईल. आन मपला लेक आला तरी त्यो बी असाच भाईर ऱ्हाईल. जबान दिली तुला."

मिलिंद शाळेत राहिला. दोन दिवसांनी मुंबईहून दादारावांचा पुतण्या आला, तो शेजारच्या खोलीत. मिलिंदचं पोर खिडकीच्या गजाला धरून दिवसभर "आज्जी, आज्जी" करून हाका मारायचं. ताराबाई पटांगणाच्या कडेला लिंबाखाली बसून नुसता हात हलवायच्या. भामाबाई संध्याकाळी मोजायला आल्या की ते दृश्य बघायच्या आणि पुढं जायच्या.

जबान देणं सोपं होतं, कारण त्यांची माणसं तेव्हा दूर लोणारच्या पुढं होती. पण वाटेवरच्या गावांनी पाणी भरू देणं बंद केलं, तशी ज्ञानबांनी मेंढरं लवकर माघारी फिरवली. सून कविता त्यांच्याबरोबर आणि पोटुशी. जालन्याच्या अलीकडं एका शेताच्या बांधावर ती बाळंत झाली, तिथल्या आशाताईनं हात दिला. फोन आला तेव्हा मी शेजारीच होतो. "नात झाली" एवढं ऐकलं आणि भामाबाई टाकीच्या कट्ट्यावर मटकन बसल्या. घरातलं पहिलं नातवंड. त्या दिवशी गल्लीत साखर वाटली, आणि संध्याकाळी गाव मोजताना एकच घर दोनदा मोजलं.

मेंढरं येतायत ही बातमी गावात पसरली तशी कुरबूर सुरू झाली. पारापाशी लांब लांब बसून बैठक झाली. दादाराव म्हणाले, "मेंढराच्या लोकरीत बसून येतो म्हणत्यात ह्यो रोग." मी सर्वांदेखत आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मेंढ्यांना मास्क लावू नका म्हणजे झालं." तरी कुणाचं समाधान होईना. मागून एकजण ओरडला, "सरपंचाची हायेत म्हून घेता का?"

मी ताराबाईंकडं बघितलं. त्या भामाबाईंकडं बघत होत्या.

"गावात कोण घेतंय?" भामाबाई उठल्या. "शाळंत मेंढरं मावत नाईत. आन त्या खोल्यांत मुंबई-पुण्याची माणसं, बारकं लेकरू तिथं नेऊन घालू का? शेतात ऱ्हातील समदी, चौदा दिस. बोला, कुणाचं शेत?"

सगळे गप्प. पण ही शांतता हळूहळू बदलत गेली, ती बघण्यासारखी होती. शेतात मेंढरं बसवणं म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. कळप रात्रभर एका जागी बसला की लेंडी आणि मुताचं जे खत पडतं, त्याला तोड नाही. त्यासाठी लोक एरवी धनगराला धान्य देतात, भाकरी पोचवतात, मिनतवाऱ्या करतात. आणि इथं पेरणीच्या तोंडावर अख्खा कळप चौदा रात्री एकाच रानात बसणार होता, तोही सरकारी आदेशानं.

दादारावांनी घसा साफ केला. "तसं म्हणलं तर... माजं विहिरीकडचं रान मोकळंच हाय. अडचणीला माणसानं कामाला यायाच पायजे."

"आमचं बी मोकळं हाय की!" दुसरा उठला. मग तिसरा. ज्यांना घटकेपूर्वी लोकरीची भीती वाटत होती ते आता लेंड्यांवरून एकमेकांच्या अंगावर धावून जायला लागले. भामाबाईंनी दाताला मिश्री लावत त्यांना मनसोक्त भांडू दिलं. मग म्हणाल्या, "ताराबाय, नाल्यापल्याडचं तुजं रान मोकळं हाय ना?"

ताराबाईंना आधी कळलंच नाही. "हाय. पर माज्या रानात कव्हा मेंढरं बसली नाईत. येवढुसं रान. धान्य द्यायला माज्याकडं—"

"धान्य कोण मागतंय? तुज्या हापशाचं पाणी दे. नेम आधी तुज्या लेकानं पाळला. मेंढरं बी आधी तुज्याच रानात बसतील."

दादारावांचा चेहरा गार झालेल्या पिठल्यासारखा झाला होता.

मेंढरं आली ती भरदुपारी, धुरळ्याचा लोट घेऊन. गाव नाल्याच्या अलीकडं उभं होतं. पलीकडं ज्ञानबांनी पटका काढून हवेत हलवला. कविता घोड्यावर, मांडीत गोधडीचं गाठोडं. नाला कोरडाठाक. पावलं मोजून पलीकडं जाता येईल एवढा. भामाबाई अलीकडच्या काठावर काठी रोवून उभ्या राहिल्या. कपाळावर हात आडवा धरून बघत होत्या.

"त्वांड दाव की गं!"

कवितानं गाठोडं उंच धरलं. आम्हाला दिसली ती गोधडीच.

"बापावर गेली," भामाबाई म्हणाल्या.

मग रोज सकाळ-संध्याकाळ त्या नाल्यावर. ताराबाई नाल्याच्या मधल्या खडकावर भाकरी-ठेचा ठेवून मागं सरायच्या, ज्ञानबा येऊन घेऊन जायचे आणि पलीकडून ओरडायचे, "ताराबाय, ठेचा लई झणझणीत!" आमच्या गावची आशाताई तेवढी पलीकडं जायची, हातमोजे घालून, झोळीच्या काट्यावर बाळाचं वजन करायची. ती परतली की भामाबाई तिची उलटतपासणी घ्यायच्या. डोळे कसे, जावळ किती, रडते कशी. मला त्यांची दया यायची. एकदा म्हटलं, "सरपंच, मास्क लावून दोन मिनिटं लांबून बघून या. कोण बघतंय?"

"ताराबाय बघती," त्या म्हणाल्या.

बाळाचा बारावा दिवस आला. आमच्याकडं बारशाला बाळाच्या कानात नाव सांगते ती आत्या. भामाबाईंची लेक पैठणला दिलेली, ती तिकडंच अडकली. म्हणजे आत्याची जागा आजीनं घ्यायची, आणि आजी नाल्याच्या ह्या काठावर. शेतात वाड्याजवळ झाडाला झोळी बांधली होती. अलीकडं सगळी धनगरगल्ली, वस्तीतल्या बाया, मी, आणि लांबून दादाराव. कारण बारशाला घुगऱ्या असतात.

ताराबाई भामाबाईंजवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "भामा, जा गं. मी तिकडं त्वांड करून उभी ऱ्हाते."

भामाबाई झोळीकडं बघत राहिल्या. बोलल्या तेव्हा आवाज नेहमीचा नव्हता. "तू त्वांड फिरवशील, ताराबाय. पर तुजा नातू खिडकीला धरून हाका मारीत व्हता, तव्हा मी तुला म्हणले का, जा म्हून?"

ताराबाईंनी भामाबाईंचा खाली घसरलेला पदर डोक्यावर सारखा केला. सहा फुटांचं अंतर त्या दोघी विसरल्या होत्या, आणि मीही आठवण करून दिली नाही.

नावावरून आधीच वाद झाला होता. कवितानं मोबाईलवर बघून 'रियांशी' शोधलं होतं. भामाबाईंनी ते एकदा तोंडात घोळवून बघितलं आणि निकाल दिला, "हे नाव नाल्याच्या मधीच पडंल. पल्याड जायाचं नाय." त्यांना लांब जाणारं नाव हवं होतं. खंडोबाची धनगरीण, बाणाई.

त्यांनी कानावर हात ठेवला. छाती भरून घेतली. मी आजवर त्यांच्या हाळीला कितीदा हसलो होतो, त्या दिवशी हसू आलं नाही.

"हाऽऽऽओ! बाऽऽणाऽऽईऽऽ!"

एरवी कानाच्या पाळीशी तोंड नेऊन कुजबुजायचं नाव. ते सगळ्या शिवारावरून गेलं, टेकाडाला लागून परत आलं. पलीकडं कवितानं बाळाचा कान हातानं मोकळा केला होता. आजीनं पुन्हा हाक दिली.

आणि मग जे झालं ते आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. भामाबाईंच्याही नाही. वाड्याबाहेर बसलेल्या मेंढरांनी माना वर केल्या. म्हाताऱ्या मेंढ्या आधी उठल्या, ज्यांनी पूर्वी त्यांच्या मागं रानं तुडवली होती. मग बाकीच्या. बघता बघता अख्खा कळप बें बें करत नाल्याकडं सुटला. ज्ञानबा, लेक, कुत्री, सगळे आडवे धावले. इकडं लोक मागं पळाले, दादाराव सगळ्यांत पुढं. भामाबाई काठावर काठी उगारून ओरडत होत्या, "मागं फिरा गं बायांनो! तुमचं बारसं नाय! ऱ्हावा थितंच!" ओरडत होत्या, हसत होत्या, आणि डोळ्यांतलं पाणी धुरळ्यात मिसळून गालावर ओघळ धरत होतं. दोन मेंढ्या नाला ओलांडून आल्याच. त्यांच्या मानेत हात घालून भामाबाई तशाच खाली बसल्या. माणसांना नियम होता. मेंढ्यांना नव्हता, डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

चौदा दिवस सरले तेव्हा त्या बैलगाडीपाशी उभ्या राहून, दोन बोटं पुढं करून, त्यांनी आपली माणसं गावात घेतली. ज्ञानबा आणि लेक, एक जोडी. कविता आणि बाळ, दुसरी. "जोडी जमली," म्हणाल्या, आणि मग काठी माझ्या हातात देऊन गाठोडं घेतलं. बराच वेळ काठी मीच धरून उभा होतो. त्या पावसाळ्यात ताराबाईंच्या रानातली बाजरी बघायला दादाराव मुद्दाम नाला ओलांडून जायचे.

दुसरी लाट आली तेव्हा ती भामाबाईंवरच आली. मिलिंदनं जीप मिळवली आणि त्यांना शहरातल्या दवाखान्यात नेलं. आम्ही आशा सोडली होती. पण परत आल्या, अर्ध्या होऊन, दोन पावलांवर दम लागत होता. जीप घराकडं वळली तर त्यांनी हातानं खूण केली, शाळा. सरपंच, घरी जायला डॉक्टरांची परवानगी आहे, मी हजारदा सांगितलं. "भाईरून आले ना?" एवढंच त्या बोलल्या. मिलिंद राहिला होता त्याच खोलीत त्यांची खाट पडली. खिडकीसमोर त्याच लिंबाखाली ताराबाई, आणि त्यांच्या कडेवर चालायला शिकलेली बाणाई.

दिवेलागणीला मी घरी निघालो होतो, तेवढ्यात पटांगणात दादाराव आले. हातात बोरीची काठी. खिडकीसमोर उभं राहून त्यांनी ती जमिनीवर आपटली. आतून भामाबाई गजाशी आल्या. दादारावांनी दोन बोटं पुढं केली आणि मोठ्यानं म्हणाले, "सरपंच हायेत." मग काठी उचलून पुढच्या दारी गेले. भामाबाई शाळेतून घरी जाईपर्यंत गाव दादारावांनीच मोजलं.

प्रकृती सावरली, पण हाळी गेली ती गेलीच. फुप्फुसांत तेवढा वारा मावेना. टाकीच्या कट्ट्यावर चढून त्यांनी एकदा प्रयत्न केला. खोकला आला आणि त्या उतरल्या. ग्रामपंचायतीचा भोंगा आम्ही दुरुस्त करून घेतला. गावाला तो कधी आवडला नाही.

माझी बदली झाली. त्यांची मुदत संपली, खुर्चीवर दुसरं कुणी आलं, गुलाबी टॉवेल त्या घरी घेऊन गेल्या म्हणे. परवा दिवाळी सरल्यावर पैठण रस्त्यानं येत होतो, तर चितेगावच्या अलीकडं वाहनं खोळंबलेली. कंपनीच्या बसा, ट्रक, दुचाक्या, सगळ्यांचे भोंगे चालू. मोटारसायकल पुढं काढून बघतो तर मेंढरं रस्ता ओलांडत होती, चरणीला निघालेली. मधोमध, बोरीची काठी आडवी धरून, भामाबाई उभ्या. वाकल्या होत्या. मेंढरं अर्ध्यात बिथरली, भोंग्यांना घाबरून माघारी वळायला लागली. भामाबाईंनी शेजारी उभ्या असलेल्या परकर-पोलक्यातल्या पोरीच्या पाठीवर हात ठेवला. शाळेत त्या पोरीचं नाव रियांशी आहे. तिनं एक हात कानावर ठेवला.

"हाऽऽऽओ!"

कळपानं माना वर केल्या आणि तो सरळ रस्त्यापलीकडं गेला. भोंगे थांबले. मी पुढं सरकून हात केला. भामाबाईंनी ओळखलं, पण बघितलं मेंढरांकडंच. दोन बोटं पुढं, ओठ हलत होते. मागच्या ट्रकवाल्यानं गाडी रेटली तशी मीही किल्ली फिरवली.

"थांबा भाऊसाहेब," त्या बारीक आवाजात म्हणाल्या. "मोजू द्या."

मी गाडी बंद केली.